ठाकरवाडीचं बुकिंग

दिवाळीच्या तोंडावर लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या महिपतभाऊंच्या मोबाईलच्या दुकानात एक प्रकार घडला आणि त्याचा उलगडा कोणालाच होईना. एका मोठ्या कंपनीचा नवा फोन शुक्रवारी बाजारात येणार होता. त्याचं आगाऊ बुकिंग सुरू झालं, आणि पुण्यातल्या काचेच्या झगमगीत शोरूमना मागे टाकून हे एका गाळ्याचं दुकान सगळ्यात पुढे गेलं. त्यातही बुकिंग करणारे निम्म्याहून जास्त लोक एकाच वस्तीतले होते. कुरवंड्याच्या पुढे, नागफणीच्या कड्याकडे जाताना लागणाऱ्या ठाकरवाडीतले.

दुकानाचं काउंटर अपेक्षा सांभाळायची. ती तिकोणा पेठेतल्या शेतकरी घरातली. रोज सकाळी स्कूटीवरून दुधिवरे खिंड चढून लोणावळ्याला यायची. फोन विकून विकून तिला गिऱ्हाईक ओळखायची सवय झाली होती. कॉलेजची पोरं आधी कॅमेरा विचारतात, रिक्षावाले बॅटरी विचारतात, बंगलेवाले काहीच विचारत नाहीत. ठाकरवाडीचे लोक मात्र टेम्पो करून आले, दुकानाबाहेर ओळीत उभे राहिले आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, "त्यो नवा येनार हाय ना, त्योच."

"यापेक्षा स्वस्त दाखवू का? चांगले आहेत," अपेक्षानं विचारून पाहिलं होतं.

"नगं. त्योच."

रंग कोणता तेही त्यांनी विचारलं नाही. कॅमेऱ्याबद्दल तर चकार शब्द नाही. मोलमजुरी करणारी, बंगल्यांच्या बागा राखणारी माणसं हप्त्यावर फोन घ्यायला तयार झाली होती, आणि तोही न बघता. अपेक्षाच्या डोक्यातून ते काही केल्या जाईना.

बुधवारी सकाळी पुण्याहून कंपनीचे राजेंद्र सर आले. पन्नाशीचे, हसऱ्या चेहऱ्याचे, सगळ्या जिल्ह्याची विक्री त्यांच्याकडे. आल्याआल्या त्यांनी महिपतभाऊंचं अभिनंदन केलं आणि लगेच मुद्द्यावर आले.

"भाऊ, केलंत काय तुम्ही? वरून फोनवर फोन येतायत. सगळ्यांना एकच विचारायचंय, लोणावळ्याला काय केलं?"

"मी काय केलं? बॅनर लावला," महिपतभाऊ म्हणाले. "तो पण वाऱ्यानं फाटला."

राजेंद्र सर हसले, पण त्यांच्या डोळ्यांत कुतूहल दिसत होतं. चहा पिताना ते अपेक्षाला म्हणाले, "खरं सांगू? अर्धं आयुष्य फोन विकण्यात गेलं. दर वेळी लाँच गाजला की मीटिंगमध्ये आम्ही कारणं सांगतो. जाहिरात चांगली होती, सणाचा मुहूर्त होता, जुना फोन देऊन नवा घ्यायची योजना होती. पण घेणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं, ते आम्हाला कधीच कळत नाही. इथं एकाच वाडीनं घेतलंय म्हणजे कारणही एकच असणार. ते शोधता येईल."

"मग जाऊनच विचारू या की सर," अपेक्षा म्हणाली. "मलापण चैन पडत नाहीये."

दुपारी ते दोघं राजेंद्र सरांच्या गाडीनं निघाले. कुरवंड्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढे गाडी लावून पायवाटेनं चालावं लागलं. वाडीत पोचले तेव्हा बरीच माणसं कामावर गेलेली होती, पण मंगल घरीच होती. तिशीतली, चटपटीत बाई. नागफणीला येणाऱ्या पर्यटकांना ती पिठलं-भाकरी करून घालायची. वाडीत पहिलं बुकिंग तिनंच केलं होतं. तिनं दोघांना अंगणात बसवलं, पाणी दिलं. शेजारच्या घरातले बहिरूआबाही येऊन टेकले. वाडीतले सगळ्यात जाणते म्हातारे.

"मंगलताई, रागावू नका," अपेक्षानं सुरुवात केली. "पण तुम्ही सगळ्यांनी हाच फोन का घेतला?"

मंगलला प्रश्नाचंच नवल वाटलं. "का म्हंजे? ह्या फोनला हितं रेंज येती."

"कुठं?"

"हितं. अंगनात." तिनं जमिनीकडे बोट दाखवलं. "आमच्या फोनला तितं वर दगडावर जावं लागतं. दिवसभर कुनी ना कुनी दगडावर बसलेलं असतंय. बंगल्यावरनं कामाला बोलावनं येतं, मला जेवनाची ऑर्डर येती, समदं दगडावर. मी चुलीपाशी असले की ऑर्डर गेली दुसऱ्याला."

"पण फोन तर अजून बाजारातच आला नाही," राजेंद्र सर म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

ते मग बहिरूआबांनी सांगितलं. मंगलचा दीर करण पर्यटकांना नागफणीला घेऊन जातो. त्याच्याबरोबर मागच्या महिन्यात पुण्याचा एक जण आला होता. बाजारात यायच्या आधीच कंपन्या त्याला फोन देतात आणि तो त्यांची पारख करून व्हिडिओ टाकतो. तो एक रात्र वाडीत राहिला.

"सांजच्याला हितंच बसलो व्हतो," आबा म्हणाले. "आन् त्येचा फोन वाजला. अंगनात! आमी समदे बगतच राह्यलो. त्यो आरामात बोलतोय. मंग घरी व्हिडिओ लावून बायकोला आमची वाडी दावली. आमी म्हनलं, ह्यो फोन हाय तरी कोंचा?"

राजेंद्र सरांचा चेहरा खुलला. मनातल्या मनात ते मीटिंगमध्ये उभे राहिलेले दिसत होते. डोंगरातल्या वस्तीत रेंज पकडणारा फोन! यापेक्षा चांगली जाहिरात कुठे मिळणार?

अपेक्षाला मात्र काहीतरी खटकलं. तिनं सहज पर्समधून स्वतःचा फोन काढून बघितला. कोपऱ्यात काच तडकलेला जुनाच फोन. त्यावर रेंजच्या काड्या भरलेल्या होत्या. आईचा मेसेजही नुकताच येऊन पडला होता. तिनं फोन राजेंद्र सरांपुढे धरला. त्यांनी बघितलं, परत बघितलं, आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"मंगलताई, आम्ही जरा कड्यापर्यंत जाऊन येतो," अपेक्षा म्हणाली.

कड्यावर वारा होता. खाली घाट, त्यातून जाणारा एक्स्प्रेस वे, पलीकडे खोपोलीकडची गावं. दरीच्या उतारावर एक नवाकोरा लाल-पांढरा टॉवर उन्हात चमकत होता.

"तो पावसाळ्याच्या आधी नव्हता," अपेक्षा म्हणाली. "माझं सिमकार्ड ज्या कंपनीचं आहे तिचाच असणार. वाडीतल्या सगळ्यांची कार्डं दुसऱ्या कंपनीची आहेत. बुकिंग करताना नंबर मीच लिहून घेतले ना. त्या कंपनीनं कुरवंड्यात छत्री लावून फुकट कार्डं वाटली होती, तेव्हापासून सगळ्यांकडे तीच."

"आणि त्या व्हिडिओवाल्याकडे तुझ्या कंपनीचं कार्ड असणार."

"दुसरं काय? फोनचा काही संबंधच नाही सर. नुसतं कार्ड बदललं तर यांच्या आत्ताच्याच फोनला अंगणात रेंज येईल."

राजेंद्र सरांनी आपला फोन काढून बघितला; त्यांचं कार्डही अपेक्षाच्याच कंपनीचं होतं आणि काड्या भरलेल्या होत्या. अपेक्षाला वाटलं, आता ते म्हणतील की शुक्रवारपर्यंत गप्प बस. दुकानाचं नाव वरपर्यंत गेलं होतं, महिपतभाऊ पेढे वाटायच्या तयारीत होते. आणि समजा ते तसं म्हणाले, तर आपण काय करायचं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"सांगावं तर लागणारच," शेवटी ते म्हणाले. "आज ना उद्या त्यांना कळेल, आणि मग ते तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत." मग जरा थांबून म्हणाले, "पण मला दुसरंच एक बघायचंय. हे कळल्यावरसुद्धा फोन कोण घेतं?"

"कोणीच नाही घेणार," अपेक्षा म्हणाली.

दोघं परत आले. अपेक्षानं मंगलचा जुना फोन मागितला, त्यात आपलं कार्ड घातलं आणि फोन सुरू करून तिच्या हातात दिला. मग राजेंद्र सरांनी आपल्या फोनवरून अपेक्षाचा नंबर लावला. मंगलच्या हातात, तिच्याच अंगणात, तिचाच जुना फोन खणखणला. मंगल दचकली. आसपासच्या घरांतून माणसं बाहेर आली.

अपेक्षानं सगळं समजावून सांगितलं. टॉवर, कार्ड, व्हिडिओवाला. नवा फोन चांगला आहे, पण रेंजसाठी घ्यायची गरज नाही. ज्यांना नको असेल त्यांनी उद्या येऊन बुकिंगचे पैसे घेऊन जावेत.

 मग बहिरूआबांना जोरात हसू फुटलं. "म्हंजे कार्डाची करामत, आन् आमी फोनच्या मागं लागलो व्हय!"

त्यांचं हसू बघून बाकीचेही हसले. पण मंगल हसली नाही. तिनं अपेक्षाचं कार्ड काढून परत दिलं आणि भांडी आवरायला आत गेली. अपेक्षाला वाईट वाटलं. बाईच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं वाटलं, पण का ते मात्र सांगता येईना.

गुरुवारी वाडीतले लोक आले. आबांनी बुकिंगचे पैसे परत घेतले, कार्ड बदललं आणि खूश होऊन गेले. आणखी बऱ्याच जणांनी तसंच केलं. करणनं मात्र बुकिंग ठेवलं. पर्यटक त्यालाच फोटो काढायला लावतात, तेव्हा त्याला कॅमेरा हवाच होता. मंगल आलीच नाही.

महिपतभाऊ तोंड पाडून बसले होते. पण बुकिंगचे मोकळे झालेले नंबर दुपारपर्यंत भरले. लोणावळ्यातलेच लोक येत होते. त्यातल्या एका बंगलेवाल्या गृहस्थांना, शुक्रवारपर्यंत लोणावळ्यातच थांबलेल्या राजेंद्र सरांनी मुद्दाम विचारलं, "साहेब, हाच फोन का?"

"अहो, त्या दिवशी मी इथून जात होतो. काय रांग होती!" ते म्हणाले. "एवढे लोक उगाच घेतात का? काहीतरी असणारच त्यात."

राजेंद्र सर आणि अपेक्षानं एकमेकांकडे बघितलं. हसू दाबायला राजेंद्र सरांना चष्मा पुसावा लागला.

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर मंगल उभी होती. बरोबर तिचा नवरा उमेश होता, करण होता, आणि नुसते बघायला बहिरूआबाही आले होते. मंगल चांगलं लुगडं नेसली होती.

"मंगलताई, बुकिंग रद्द करायचंय ना?" अपेक्षानं हळूच विचारलं.

"न्हाई. फोन घ्यायचाय."

उमेश म्हणाला, "मी सांगितलं तिला, कार्ड बदल म्हनून. ऐकतच न्हाई."

राजेंद्र सर पुढे झाले. "ताई, एक विचारू? तुम्हाला तर रेंजसाठीच हवा होता ना?"

मंगलनं उमेशकडे बघितलं. तो आणि करण काउंटरच्या दुसऱ्या टोकाला रंग बघण्यात गुंतले होते. मग ती खालच्या आवाजात अपेक्षाला म्हणाली, "रेंजसाठी घेते म्हनलं तवा घरात कुनी न्हाई म्हनलं न्हाई. पर आत्तापतुर माझ्याकडं आलेला एकपन फोन माझा नव्हता गं. पैला भावाचा जुना. मंग ह्यांचा जुना. त्येची बॅटरी गेली तवा करणचा जुना. समद्यांचा वापरून झाला की मंगलला. तुमी त्या दिवशी अंगनात समदं खरं सांगितलंत, आन् माझ्याकडं सांगायला कारनच उरलं न्हाई. दोन रात्री इचार केला. मंग म्हनलं, नसू दे कारन. माझ्या पिठल्या-भाकरीच्या पैशांतनं घेते. मला हवा हाय."

 राजेंद्र सरांना वरून पुन्हा फोन येत होता, आकडे विचारायला, पण त्यांनी तो बंद केला.

अपेक्षानं सीलबंद डबा आणून काउंटरवर ठेवला. नेहमी ती स्वतःच सील कापून, फोन बाहेर काढून, चालू करून देते. आज तिनं कात्री मंगलच्या हातात दिली. मंगलनं सील कापलं. झाकण चटकन निघेना. तिनं दोन्ही हातांनी ते हलकेच वर उचललं. आत काळाभोर फोन, काचेवर पातळ प्लास्टिक.

"बगू बगू," म्हणत बहिरूआबांनी हात पुढे केला.

"आबा, हात न्हाई लावायचा," मंगल म्हणाली. "आदी मी."

तिनं बोटं पदराला पुसली, प्लास्टिकचं टोक नखानं उचललं आणि सावकाश, एकसारखं ओढत नेलं. दुकानातले सगळे उभे राहून बघत होते, रांगेत ताटकळलेली माणसंसुद्धा. काच उघडी झाली तेव्हा तिच्यात मंगलचा चेहरा दिसला. ती जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग बाजूचं बटण चाचपून तिनं अपेक्षाला विचारलं, "हे दाबायचं ना?"

"व्हय," अपेक्षा म्हणाली. "जरा दाबून धरा."