पिस्ताला दिलेली अर्धी गोळी

कर्जतमध्ये आमचं औषधाचं दुकान आहे आणि माझ्या नवऱ्याला, मेहताबला, अर्धं गाव डॉक्टरच समजतं. शेळीला ताप आला, म्हातारीचे गुडघे धरले, की लोक आधी आमच्याकडे येतात. हाही फुशारून गोळ्या काढून देतो. मी किती वेळा टोकलं, पण ऐकेल तर शपथ.

त्या सकाळी आमची मांजर पिस्ता मलूल पडली होती. अंग गरम लागलं म्हणून मेहताबनं तापाची अर्धी गोळी दुधात विरघळवून तिला पाजली. दुपारपर्यंत तिचं तोंड सुजलं, हिरड्या तपकिरी पडल्या आणि ती तोंड उघडून धापा टाकू लागली. आमची दहा वर्षांची शिफा आधी रडत होती, मग एकदम गप्प झाली. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

स्कूटरवर तिघं बसून आम्ही जनावरांचा दवाखाना गाठला. पिस्ता माझ्या ओढणीत होती. तिथल्या डॉक्टर ज्योती मॅडमनी तिचं तोंड उघडून पाहिलं.

"काही औषध दिलंत का हिला?"

बाकावर चार-पाच जण शेळ्या घेऊन बसले होते, सगळी आमचीच गिऱ्हाइकं. मेहताबनं त्यांच्याकडे पाहिलं.

"न्हाई. पाल खाल्ली असंल."

मला संताप आला. पण खरं सांगते, मीही तोंड उघडलं नाही. दुकान माझंही आहे. मॅडम दुसरंच इंजेक्शन भरायला लागल्या. पिस्ताची जीभ निळी पडत चालली होती.

"अब्बा," शिफा म्हणाली, "ती मरेल."

मेहताब पुढे झाला.

"थांबा मॅडम," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तापाची गोळी दिलीय. पॅरासिटामॉल, अर्धी. सकाळी आठला. मीच दिली."

"मांजराला ती विष असते. आधी का नाही सांगितलं?" मॅडमनी हातातली सुई बाजूला ठेवली, पिस्ताला ऑक्सिजन लावला आणि कपाटातून उताऱ्याचं औषध काढलं.

तासभर आम्ही तिच्या पोटाकडे बघत उभे होतो. शेवटी धाप जरा कमी झाली. मॅडम म्हणाल्या, "दोन दिवस इथंच ठेवू. वाचेल असं वाटतंय." मला तिथंच रडू फुटलं.

बाकावरच्या साळूबाई उठल्या आणि कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून त्यांनी मेहताबपुढे धरली.

"ह्या गोळ्या माज्या गाभन शेळीसाठी सकाळी तुमीच दिलेल्या. अजून घातल्या न्हाईत. घालू का नको?"

मेहताबनं पुडी उघडून गोळ्या पाहिल्या आणि पुन्हा गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

"मला न्हाई कळत, मावशी. मॅडमला विचारा."

अठरा वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.