आभाळगप्पांचं दार

नान्ना, म्हणजे माझे वडील, गेल्यावरही मी त्यांचा फोन बंद केला नाही. चार्जिंगला लावून कपाटावर ठेवला होता आणि तो अधूनमधून वाजत असे. ‘निंगी मुच्चट्लु’मध्ये, म्हणजे आभाळगप्पांमध्ये, कुणीतरी नवं आलेलं असायचं.

हा इंटरनेटवरचा चर्चागट नान्नांनी निवृत्तीनंतर सुरू केला. रॉकेट, उपग्रह, जे काही वर जातं त्याबद्दल तेलुगूत बोलायची जागा. श्रीहरिकोटाच्या तळावर त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं, पण गटात त्यांनी स्वतःसाठी एकच काम राखलं होतं. नव्या माणसाचं स्वागत. ते त्याला शिक्षण विचारत नसत, नोकरी विचारत नसत. “उड्डाण कुठून बघता?” एवढंच विचारत. तळाजवळच्या आमच्या सुळ्ळूरपेटेत आणि आसपास प्रत्येक घराची बघायची जागा ठरलेली असते. ती सांगता सांगता माणूस मोकळा होतो. पुढे गटात त्याची ओळखही तीच. बसस्टँडवाल्या सरोजिनी, तळ्याकाठचे रेड्डी.

नान्नांमागे गट वीरभद्रम बाबाय बघू लागले. ते नान्नांचे तळावरचे सोबती; रक्ताचं नातं नाही, पण मी त्यांना लहानपणापासून बाबाय, म्हणजे काका, असंच म्हणते. त्यांनी स्वागताचं काम यंत्रावर सोपवलं. नवा माणूस आला की आधी नियम, मग सूचना : आपलं शिक्षण आणि अभ्यासाचा विषय लिहावा.

त्या उन्हाळ्यातल्या उड्डाणानंतर तडा गावच्या मस्तानम्मा नावाच्या बाई गटात आल्या. शिक्षणाचा रकाना त्यांनी मोकळाच सोडला होता. लिहिलं होतं, आम्ही बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवरून बघितलं, रॉकेट नीट जाता जाता उजवीकडे वाकलं, आमचे हे म्हणतात वाट चुकलं, तर ते पडलं का?

हा प्रश्न आमच्याच भागात पडू शकतो. इतकं जवळून बघणाऱ्यालाच ते वाकणं दिसतं. पण गटातल्या जाणत्यांना चेव आला. उजवीकडे म्हणजे दक्षिणेला, तेव्हा चेन्नईला साड्या घ्यायला गेलं असेल, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने विचारलं, बर्फ डोक्यावर ठेवून बघत होता का? दुपारपर्यंत बाई गट सोडून गेल्या. संध्याकाळी बाबायनी जाहीर केलं की असल्या प्रश्नांनी गटाचा दर्जा जातो आहे. यापुढे प्रवेशपरीक्षा असावी. रविवारी सगळ्यांनी मत द्यावं.

मी नान्नांच्या फोनवर हे वाचलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि या गटाची सभासद कधीच नव्हते. घरी नान्ना होते, त्यामुळे गरज पडली नव्हती. पण ते माणसांना न पारखता आत घेत, ती रीत आता फक्त त्या गटात उरली होती. परीक्षा आली की तीही संपणार होती.

दुसऱ्या दिवशी मी बाबायकडे गेले. ते ओसरीवर ताक पीत बसले होते. मी परीक्षेचा विषय काढल्यावर त्यांनी शांतपणे समजावलं. खोट्या बातम्या पसरवणारे येतात, भांडणारे येतात, रोज तेच ते प्रश्न येतात. नान्ना रोज जेवणानंतर बसून उत्तरं देत; बाबायना ते जमत नाही. प्रत्येक घराला दार असतंच ना, असं त्यांनी विचारलं.

“सुळ्ळूरपेटेत राहून दाराचं सांगता, बाबाय? आपल्या चेंगलम्मादेवीच्या देवळाला कुठे आहे दार?”

“अम्मवारु स्वतः राखण करते, वकुळम्मा. तुझ्या नान्नांच्या गटाची कोण करणार?”

“मी करीन.”

ते हसले. आधी सभासद तरी हो, म्हणाले. मी त्यांच्यासमोरच नाव नोंदवलं. यंत्राने शिक्षण आणि विषय विचारला. ग्रंथपाल, लिहिलं, विषय नाही. खाली जोडलं : घराच्या गच्चीवरून, पाण्याच्या टाकीशेजारून बघते.

“अजून एक अडाणी आली,” बाबाय म्हणाले, आणि त्यांनी ताकाचा दुसरा पेला मागवला.

शनिवारी मी बसने तडाला गेले. मस्तानम्मांचा पत्ता माझ्याकडे नव्हता, पण त्या बघतात कुठून ते माहीत होतं. बर्फाचा कारखाना कुणीही दाखवला असता. त्या तिथे मासळीच्या पेट्यांत बर्फ भरून घेण्याचं काम बघत होत्या. मी आभाळगप्पांतून आले म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

“हसायला माणसं लागत नाहीत मला. घरी नवरा आहे.”

मी म्हटलं, त्यांना सांगा, वाट चुकलं नव्हतं. मग मी ओल्या फरशीवर बर्फाचा एक तुकडा ठेवला. हे श्रीलंका. आपल्याकडून दक्षिणेला निघालं की मधे हे येतं. दुसऱ्याच्या घरावरून जायचं नाही, काही पडलं तर? म्हणून रॉकेट आधी बाजूने समुद्रावर जातं आणि बेट टळलं की वळतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि माझ्या बोटाच्या वाटेवरून स्वतःचं बोट फिरवलं.

“मग श्रीलंकेच्या लोकांना ते दिसतं का?”

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं, आणि म्हटलं, गटात विचारा.

“तुम्ही विचारा. मी नाही जात तिथे परत.”

“मी विचारलं तर तो माझा प्रश्न होईल, मस्तानम्मा. परवाच आलेय मी. तुमच्या शेजारी बसेन. हसले तर आधी मला हसतील.”

एक टेंपो भरून गेला. मग म्हणाल्या, फोन माझ्या भाचीकडे आहे, आणि भाचीला हाक मारली.

भाचीने त्यांना पुन्हा गटात नोंदवलं आणि त्यांचा प्रश्न टाकला. त्याखाली मी लगेच लिहिलं की बर्फकारखान्याच्या गच्चीवाल्या मस्तानम्मांचं स्वागत, याचं उत्तर मलाही हवं आहे. साडीवाल्याने एक हसरा चेहरा टाकला. मी त्याला विचारलं, तुम्हाला उत्तर येतं का? त्याने तो चेहरा काढून टाकला. मी बस पकडून घरी पोचेपर्यंत वीरभद्रम बाबायचं लांबलचक उत्तर आलं होतं, हाताने काढलेल्या नकाशासकट. आभाळ स्वच्छ असलं आणि वेळ पहाटेची असली तर तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरून दिसू शकतं. पण खात्रीने सांगायला तिथला माणूस हवा, आणि तसा आपल्या गटात कुणी नाही, असं त्यांनीच शेवटी लिहिलं होतं. त्याखाली बसस्टँडवाल्या सरोजिनींनी विचारलं, तो आला तर तेलुगूत परीक्षा कशी देईल?

रविवारी परीक्षेचा ठराव थोडक्या मतांनी पडला. बाबायचा फोन आला.

“पटलं म्हणून नाही मागे घेतलं. हरलो म्हणून घेतलं. एक मोठं भांडण झालं ना, की दुसऱ्या दिवशी मी परीक्षा आणणार.”

“आणा. तोवर दारात मी बसते.”

त्यांनी यंत्राचा मजकूर काढला आणि स्वागतावाचून खोळंबलेली नवी नावं माझ्याकडे पाठवली. मी जेवणाचं ताट बाजूला सारलं. एका मुलीला ग्रहण आणि उड्डाण एकाच दिवशी आलं तर काय होतं ते हवं होतं. एका शिक्षकांनी नुसता नमस्कार लिहिला होता. तिसऱ्याचं म्हणणं होतं की चंद्रावर कधी कुणी गेलंच नाही आणि हा गट विकला गेलेला आहे. मी त्याच्यापासून सुरुवात केली : उड्डाण कुठून बघता?