बेड बाराचा निरोप

शुक्रवारी दुपारी हॉस्पिटलचा रेडिओ ऐकताना संजीवच्या हेडफोनमध्ये एक बाई मराठीत म्हणाली, "वॉर्ड चार, बेड बारा. बाबा, माझा राग गेला. डिस्चार्ज मिळाला की माझ्याकडेच या." आणि लगेच गाणं लागलं.

संजीवने मान वळवून उशामागचा आकडा पाहिला. बाराच!

पण लेकाला, मिहीरला, कळलं कसं? पित्ताशयाच्या ऑपरेशनचं त्याने फक्त नाशिकला बायकोला, सरोजला, सांगितलं होतं. लेकाला कळवायचं नाही अशी शपथही घातली होती. सरोजच्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरं. तरी मिहीर आणि इतका गोड निरोप? गॅस कंपनीतली नोकरी सोडून चिरंजीव द पर्ल बेटावरच्या बेकरीत केक भाजायला लागले, तेव्हापासून दोन वर्षं बापलेकांचं बोलणं बंद होतं. आखातातल्या एकाच शहरात एक मदिनत खलीफा भागात राहायचा, दुसरा ओल्ड एअरपोर्टला, आणि ईदलासुद्धा सुट्टी असून भेट नाही.

डोकं चालेना, पण आनंद मावेना. त्याने फोन लावला.

"मिहीर, निरोप मिळाला रे तुझा."

"व्हॉट निरोप? कुठे आहात तुम्ही?"

"हॉस्पिटलात. तूच तर..."

"हॉस्पिटल? आय ॲम कमिंग!" फोन कट.

आता मात्र संजीव पुरता चक्रावला. तेवढ्यात त्या आवाजाची बाईच वॉर्डात आली. कार्यक्रम संपला की गाण्यांच्या फर्माइशी गोळा करत फिरायची रेडिओवाल्या स्वयंसेवकांची पद्धत होती. तिचं नाव जसिंता, वसईची.

"ताई, हा निरोप दिला कोणी?"

जसिंताने मोबाइल पाहिला. "एका मुलीने. मंगळवारी."

"मी तर काल आलो या बेडवर."

जसिंताने कपाळावर हात मारला. "अरे देवा! आमच्यातल्या पीटरने एका टेपरेकॉर्डरवर हा रेडिओ सुरू केला ना, तेव्हा नावं घ्यायचो आम्ही. एकाचा हार्ट ॲटॅक बायकोच्या आधी त्याच्या अख्ख्या ऑफिसला कळला. केवढं रामायण झालं! तेव्हापासून फक्त बेड नंबर. पण तेव्हा आम्ही रोज असायचो हो. कोण कॅनडाला गेलं, कोण गावाला. आता मराठी कार्यक्रम फक्त शुक्रवारी, तोवर बेडवरचा माणूस बदलतो."

तिथेच उभं राहून तिने त्या मुलीला फोन केला. फोन ठेवून तिने सांगितलं. मुलीचे वडील बुधवारी डिस्चार्ज घेऊन परस्पर विमानतळावर गेले होते. मुलीला न भेटताच.

"मीच उशीर केला," जसिंता म्हणाली आणि डोळे पुसत बाहेर गेली. त्या अनोळखी माणसाचा निरोप आपण लाटला असं संजीवला वाटत राहिलं.

आईला फोन करून हॉस्पिटल विचारून मिहीर आला तो ॲप्रनसकट, कोपरापर्यंत मैदा.

"बाबा, मी काही मेसेज पाठवला नाही. का पाठवीन? आय वॉज नेव्हर अँग्री. तुम्ही होता."

दोन वर्षं संजीव लेकाचा राग जायची वाट बघत होता, आणि लेकाकडे राग नव्हताच! मग इतके दिवस कोण कोणाची वाट बघत होतं? त्याला धड काही उमजेना. फक्त पोटावरच्या टाक्यांपेक्षा वर कुठेतरी जास्त दुखायला लागलं.

"राग होता," तो म्हणाला. "खरं सांगू? अजून थोडा आहे. पण तू जाऊ नकोस."