नियम क्रमांक सात

मित्रांनो, मी एक जुना फिरता चषक आहे. पुरुषाचं शरीर कसं असावं, या प्रश्नावर शिल्पकार, वैद्य आणि लग्नाच्या मुलींचे बाप हजारो वर्षं विचार करत आले आहेत. आमच्या शहरापुरतं त्याचं अधिकृत उत्तर मी आहे. हे मी गर्वाने सांगत नाही, तसं लिहूनच ठेवलेलं आहे. उत्तराची उंची अकरा इंच असून त्याच्या डाव्या मांडीत मोटारीचे पोचे बुजवायची पुटीन भरलेली आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. नमुना म्हणून शरीरसौष्ठव संघटनेच्या पहिल्या स्पर्धेचा विजेता उभा होता. तो पोस्टमन होता. टपालाची पिशवी घेऊन रोज मैलोन्‌मैल चालल्यामुळे त्याच्या पोटऱ्या अशा झाल्या होत्या, की कुत्रीसुद्धा विचार करून चावत. त्या काळी शरीराचं गणित सोपं होतं. गळा, दंड आणि पोटरी या तिघांचं माप एक यायला हवं, छाती भरलेली आणि कंबर बारीक हवी, आणि अंगात शर्ट घातल्यावर माणूस माणसासारखा दिसायला हवा. पोस्टमनची तिन्ही मापं पंधरा इंच होती.

"पोट आत घ्या," ओतारी म्हणाला.

"आतच आहे."

"मग श्वास तरी घ्या हो. मला पुतळा करायचाय, पंचनामा नाही."

असा मी पितळेत उतरलो. एक हात वर, एक कमरेवर, नजर लांब कुठेतरी. लोक मला बघून म्हणत, "वा!" मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ होता. तो साधारण दीड महिना टिकला.

मग संघटनेने नियमावली करायला घेतली. आदर्श शरीर कशाला म्हणावं, यावर तीन सभा झाल्या. एकाला छाती महत्त्वाची वाटत होती, एकाला ताठ कणा. तिसऱ्याचं म्हणणं होतं की चेहऱ्यालाही गुण हवेत, कारण त्याचा मेव्हणा स्पर्धेत उतरणार होता. शेवटी संघटनेचे चिटणीस कंटाळले. ते कोर्टात कारकून होते. त्यांनी घरी जायची घाई असताना नियम क्रमांक सात लिहिला : 'आदर्श शरीर म्हणजे फिरत्या चषकावरील पुतळ्याचे शरीर समजावे. गुणदान करताना सदर पुतळा पंचांच्या टेबलावर ठेवावा.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चपला शोधल्या.

नियम बदलायला तीन चतुर्थांश सभासदांची हजेरी लागणार होती. पुढे बरेच सभासद वारले, पण त्यांची नावं कमी करायची तर त्यासाठीही तेवढीच हजेरी लागत होती. त्यामुळे नियम सात कायमचा झाला, आणि मीही.

आता वेल्डरबद्दल सांगतो. तो फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचा. बाविसाव्या वर्षी तो पहिल्यांदा स्टेजवर आला तेव्हा फळ्या करकरल्या. एवढे रुंद खांदे आमच्याकडे कुणी पाहिले नव्हते. मुख्य पंच होते शाळेतले कवायतीचे मास्तर. त्यांनी मला उचलून त्याच्या शेजारी धरलं.

"अरे, हे शरीर आहे की कपाट? कंबर कुठे ठेवून आलास?"

सभागृह हसलं. वेल्डरही हसला, कारण हसऱ्या चेहऱ्याला दोन गुण होते. तो दुसरा आला. बक्षीस समारंभ संपल्यावर तो टेबलापाशी आला आणि त्याने माझी कंबर चिमटीत धरली. "हीच हवीये," तो म्हणाला. त्या दिवशी त्याला मी हवा झालो. एकदा, एका वर्षापुरता का होईना, मला घरी न्यायचं, एवढंच त्याच्या मनाने घेतलं. मला बोलता येत असतं तर मी त्याला सांगितलं असतं की बाबा रे, घरी जा.

तो घरी गेला आणि त्याने कंबर कमी करायला घेतली. मधल्या काळात त्याचं लग्न झालं. उकडलेल्या भाज्या तोलून तोलून पुढ्यात ठेवणारी बायको मिळाली. दोन-तीन वर्षांत तो माझ्यासारखा झाला; अगदी पोटऱ्यांसकट. आणि नेमक्या त्याच वर्षी संघटनेने बाहेरच्या मोठ्या स्पर्धांच्या कॅसेट आणल्या. पंचांनी त्या दोनदा पाहिल्या, दिवा लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"हा तर टायफॉइडमधून उठल्यासारखा दिसतोय," मास्तर म्हणाले.

"नियम बदलता येणार नाही," एक पंच म्हणाला.

"नियमात पुतळा लिहिलाय," चिटणीस म्हणाले, "पुतळा केवढा ते कुठे लिहिलंय?"

ओतशाळा केव्हाच बंद पडली होती. शहरात पितळेवर हात बसलेला एकच माणूस उरला होता : वेल्डर. मास्तर मला पिशवीत घालून त्याच्या वर्कशॉपवर आले.

"खांदे वाढव, मांड्या वाढव, पाठ अशी कर की मागून दार वाटलं पाहिजे. तुला कळतंच."

"मास्तर, स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीये."

"मग? तीन आठवडे भरपूर झाले की."

"पुतळ्याला भरपूर आहेत," वेल्डर म्हणाला.

पण काम नाकारायचं त्याला सुचलं नाही. त्याने गॅसच्या ज्वाळेवर पितळी कांड्या वितळवल्या आणि माझे खांदे लिंपले. बायको डबा घेऊन आली, थोडा वेळ बघत उभी राहिली.

"अहो, तुमचेही असेच वाढवून घ्या ना. गॅस पेटलेलाच आहे."

"गप गं."

"गप काय? दोन वर्षं मी फरसबी तोलली. आणि या बाबाचं एका दुपारीत झालं. वर जेवायलाही मागत नाही."

मित्रांनो, पितळेला एक दुपार लागते, माणसाला पाच वर्षं. हा एवढा फरक कुणाच्या ध्यानात आला असता तर माझी ही कहाणी फारच लहान झाली असती. तीन आठवड्यांनी वेल्डर माझ्याशेजारी उभा राहिला. मास्तर म्हणाले, "सुबक आहेस रे, पण साईज कुठाय?" दुसरा.

मग त्याने साईज केली. बैठका मारताना त्याच्या खांद्यावर जे वजन असायचं, ते मी सांगितलं तर तुम्हाला थाप वाटेल. पायजमे मांडीत फाटायला लागले म्हणून बायकोने चौकोनी तुकडे जोडून नवेच शिवले. अंडी आणायला ती दोन वेगवेगळ्या दुकानांत जायची, कारण एकाच दुकानदाराने विचारलं होतं, "बेकरी काढलीत का?" पाच वर्षांनी तो खरोखरच कपाट झाला, आणि तोवर कपाट चालेनासं झालं होतं. आता कातडीखाली पाणी चालत नव्हतं. प्रत्येक स्नायूची दोरी न् दोरी मोजता यायला हवी होती. मास्तर पुन्हा पिशवी घेऊन आले. वेल्डरने बारीक कानशीने माझ्या मांड्यांवर आणि छातीवर रेघा पाडल्या. मला दुखलं नाही, पितळेला दुखत नाही. त्याने मात्र स्पर्धेच्या आधी दोन दिवस पाणी सोडलं. स्टेजवर एका पोझमध्ये त्याचा दंड असा आखडला की हात खाली घेता येईना. लोकांना वाटलं हा जास्त वेळ पोझ धरतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला दोघांनी उचलून विंगेत नेलं, तरी हात वरच.

तेव्हाही दुसराच.

पुढे मास्तर म्हातारे झाले, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, म्हणून त्यांना सन्माननीय अध्यक्ष केलं. मुख्य पंच म्हणून एका जिमचे मालक आले. त्यांनी सांगितलं की आता गुडघ्यापर्यंत चड्डी घालायची. मांड्या बघायच्याच नाहीत. खांदे, पोट, आणि समुद्रावर फिरायला आल्यासारखा चेहरा. वेल्डरने पत्रा कापला आणि मला हाफ पँट करून दिली. ती बसवायला मांडीत रिव्हेट मारावे लागले. ते मारताना त्याने स्वतःच्या मांडीकडे एकदा पाहिलं. वीस वर्षं तो ती मांडी करत होता. आता ती कापडाखाली जाणार होती. त्या वर्षी तो चौथा आला. चौथ्याला काही देत नाहीत.

आणि मग, तो सेहेचाळीस वर्षांचा असताना, जिमवाले माझी पिशवी घेऊन आले.

"क्लासिक," ते म्हणाले. "सगळीकडे आता क्लासिक चाललंय. बारीक कंबर, प्रमाणबद्ध, जुन्या लोकांसारखं. उंचीप्रमाणे वजनाला मर्यादा. हे सगळं काढा आणि पुतळा मूळचा होता तसा करा."

वेल्डरने पत्र्याची चड्डी काढली. भोकं पुटीनने बुजवली. रेघा घासल्या, खांद्यावरचा थर उतरवला. पण आत मूळचा मी कुठेच सापडेना. ज्वाळेने तो केव्हाच वितळवला होता. पोस्टमन वारला होता. त्याचा एकुलता एक फोटो संघटनेच्या कपाटात वाळवीने खाल्ला होता. वेल्डर पोस्टमनच्या मुलाला बघून आला.

"कसा आहे?" बायकोने विचारलं.

"पोत्यासारखा."

दोघं बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मी तेव्हा कुणाचाच नव्हतो, हातपाय असलेला एक गोळा होतो. मग बायकोने शिवणाच्या डब्यातली टेप काढली.

"शर्ट काढा."

"कशाला?"

"कुणाच्यातरी अंगावरून करायला हवा ना? तुमची उंची पाच फूट सहा, याची अकरा इंच. सहाला एक. सोपं आहे."

"अगं, असं कसं? त्याला नियम आहे."

"हाच नियम आहे ना? पंचवीस वर्षं तुम्ही याच्यासारखं व्हायला गेलात. आता होऊ दे त्याला तुमच्यासारखं."

तो नको म्हणत होता, पण शर्टाची बटणं काढत होता. तिने मापं घेतली आणि त्याने केली. छाती अजून भरलेली होती. कमरेवर एक वळी होती, ती त्याला गाळायची होती, पण ती म्हणाली, "खोटं करायचं नाही." वेल्डिंगचा टॉर्च धरून धरून त्याचा डावा खांदा उतरला होता, तोही तिने उतरवायला लावला.

स्पर्धेच्या दिवशी मला टेबलावर ठेवलं. जिमवाले वाकून बघत राहिले.

"हे पोट आहे?"

"मूळचं तसंच होतं," वेल्डर म्हणाला. तो नुसत्या चड्डीवर, तेल लावून, सतरा पोरांच्या रांगेत उभा होता. तो आयुष्यात खोटं बोलल्याचं मला ठाऊक नव्हतं. आवाज अगदी बारीक निघाला.

मास्तरांनी मला हातात मागून घेतलं. दिसत नव्हतं म्हणून त्यांनी अंगठा फिरवला. छातीवरून, वळीवरून, डाव्या खांद्यावरून. तिथे अंगठा थांबला. मग ते म्हणाले, "नियम सात. करा सुरू."

त्यानंतर जे झालं ते बघताना मला मान फिरवता आली असती तर मी फिरवली असती.

"सर, माझ्या शिरा बघा ना," एक देखणा पोरगा म्हणाला.

"पुतळ्याला शिरा आहेत का? नाहीत. गुण कापा."

"सर, माझं पोट एकदम आत आहे."

"तेच तर! पुतळ्याचं बघ जरा."

"आणि तुझे दोन्ही खांदे सारखे कसे रे?"

सतरा पोरांनी वर्षभर मीठ सोडलं होतं. एकेक जण खाली मान घालून मागे सरकला. शेवटी पुढे वेल्डर उरला, आणि पंचांच्या कागदावर पैकीच्या पैकी गुण. जिमवाल्यांना काय झालं ते कळलं होतं, पण ते म्हणाले तरी काय असते? नियम बदलायला हजेरी लागते.

त्याने मला छातीशी धरून घरी नेलं. बायकोने मीठ घातलेलं जेवण वाढलं.

"झालं समाधान?"

"हो," तो म्हणाला. थोडं जेवला. मग मला उचलून दिव्याखाली धरून बघत बसला. पंचवीस वर्षं त्याने माझ्याकडे बघितलं ते काहीतरी दुसरं व्हायचं म्हणून. आता बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "खांदा जास्तच उतरवला का गं आपण?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "नाही. बरोबर आहे."

मित्रांनो, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. अर्थात माझा एक हात वर आणि एक कमरेवर असतो, तेव्हा जोडले आहेत असं समजा. वस्तूंची काळजी घ्या, त्यांच्यावरची धूळ पुसा. पण त्यांना सुधारू नका. आणि एखाद्या पितळेच्या तुकड्यासारखं व्हायची इच्छा झालीच, तर आधी तो शेवटचा कुणाच्या वर्कशॉपमध्ये गेला होता, याची चौकशी करा.

पुढच्या वर्षी स्पर्धेसाठी एकही अर्ज आला नाही. त्या तारखेला सभागृह आता पडद्यांच्या सेलला देतात.