जोतीरामची पानथरी

मित्रांनो, ही गोष्ट २०१८ सालची. मी एक जुनी सोनोग्राफीची मशीन आहे. वडूजच्या एका छोट्या दवाखान्यात मी नवी आले, तेव्हा माझ्या पडद्यावर बाळाचे ठोके बघून बाया रडायच्या आणि हसायच्या. पुढे पडदा पिवळट झाला. मुतखडे तेवढे माझ्या वाट्याला उरले.

त्या फाल्गुनात जोतीराम आला. चाळिशीचा मेंढपाळ. तीन आठवडे थंडीताप, डाव्या बरगडीखाली कळ. डॉक्टर अंकिताताई पोटावर माझा दांडा फिरवता फिरवता थांबल्या. पानथरीत, म्हणजे प्लीहेत, लिंबाएवढी काळी पोकळी दिसत होती. आत पू. असं फार क्वचित होतं.

"पानथरी काढावी लागेल," साताऱ्याचे सर्जन फोनवर म्हणाले. ताईंनी त्यांना अडचण सांगितली. पानथरी गेली की पुढे साधा तापही जिवावर बेतू शकतो, आणि हा माणूस वर्षाचे आठ महिने मेंढरांमागे रानोमाळ. शेवटी सर्जन म्हणाले, "सुईनं पू काढून बघा. बिघडलं तर लगेच इकडे आणा."

जोतीरामची आई राहीबाई म्हणाली, "आवं बाई, मेंढराचं गळू आमी काट्यानं फोडतो. पोट फाडतो व्हय?"

"तेच करायचंय, आज्जी. फक्त माझा काटा लांब आहे, आणि बघत बघत घालायचाय."

"मग नीट बघा. ह्यो हलतोय लय."

"आये, मी मेंढरू हाय व्हय गं?" जोतीराम कण्हला.

"मेंढरू बरं. सांगितल्यालं ऐकतंय."

माझ्या पडद्यावर सुई पांढऱ्या रेघेसारखी सरकली. पू निघाला, बारीक नळी बसली, सलाईनमधून औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि नळीतून काही येईना. मेंढराच्या गळवात घातलेली कापडाची वात कोरडी झाली की काढायची, ही राहीबाईची रीत. तिनं नळी ओढून काढली.

"सुकलं की वो!"

ताईंनी मला खाटेपाशी ओढत आणलं, दांडा ठेवला आणि पडदा तिच्याकडे फिरवला. "बघा, आज्जी. सुकलं नाही. नळी तुंबली होती. पू आतच आहे."

म्हातारीनं पडद्यावरच्या काळ्या डागावर बोट ठेवलं. "लेकाला मीच मारत हुते गं बाई."

पुन्हा सुई गेली, पुन्हा नळी बसली. या वेळी राहीबाई नळीवर डोळा ठेवून दहा दिवस खाटेशी बसली. औषधं सहा आठवडे चालली. माझ्या पडद्यावर त्या लिंबाचं बोर झालं, बोराची राखाडी रेघ. पोट फाडावं लागलं नाही.

अंकिताताई आता सांगलीला असतात. जोतीराम मेंढरं घेऊन यंदाही कोकणात उतरलाय. मी अडगळीत आहे. वायरी उंदरांनी कुरतडल्या. माझं राहू द्या, पण मित्रांनो, बरं वाटलं म्हणून नळी असो की गोळ्या, मध्येच सोडू नका.

राहीबाई गेल्या वर्षी वारली. तोवर वाडीत कुणी "आता बरं हाय" म्हणालं, की ती काठी टेकत त्याच्या दारात उभी राहायची.

"गोळ्यांचं पाकीट दाव आदी. किती उरल्यात?"