नांग क्रिसांताचा डोंगरी घसा

इलोइलो शहरात कुणाला धड रागावता येत नाही. इथली बोलीच लडिवाळ. एकदा एका मासळीवालीनं चोरामागं धावत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तर चोर थांबला, बटवा परत दिला आणि म्हणाला, अजून थोडं बोला. खोटं वाटत असेल त्यानं त्या बाईलाच विचारावं. पुढं तिनं त्याच्याशीच लग्न केलं.

अशा गावात लोकांना दटावण्याची कामगिरी क्रिसांतावर आली होती. ती गल्लीची आरोग्यसेविका. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं सगळे तिला नांग म्हणत. खांद्याला पिशवी, पिशवीत प्रेशरचं यंत्र. मागच्या नाताळात लेचोनवर, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या अख्ख्या डुकरावर, ताव मारून गल्लीतले तिघं इस्पितळात गेले होते. यंदा वस्तीच्या कप्तानानं बजावलं, की एक जरी माणूस आडवा झाला तर पिशवी ठेवून घरी बसायचं. बावीस वर्षं वागवलेली पिशवी. ती काढली तर बाईचा तो खांदा फुग्यासारखा वर जाईल, असं लोक म्हणत.

मनिलाहून सणात तब्येत सांभाळा असे फलक आले होते. ते सरकारी भाषेत होते, म्हणून गल्लीनं त्यांवर मासे वाळत घातले. मग क्रिसांतानं कर्णा घेऊन गावच्या बोलीत सांगितलं, चरबी सोडा, नाहीतर मराल. ते ‘मराल’ तिच्या तोंडून असं निघालं की पाळण्यातली दोन बाळं झोपी गेली आणि तिच्या शेजारणीनं आणखी एक डुक्कर सांगून ठेवलं.

शेवटी ती घरोघर यंत्र घेऊन फिरली. पण इथं उंबऱ्याशी आलेल्याला ‘या, जेवा’ म्हणतात, आणि नाही म्हणणं म्हणजे घरच्यांचं नाक कापणं. अकरा घरांत तिनं अकरा वेळा शेवया खाल्ल्या, वर चिकट भाताच्या वड्या. प्रेशर मोजून घेणाऱ्यांपेक्षा मोजणारीच जास्त घामेजली.

नाताळच्या दुपारी गल्लीत टेबलं मांडली. म्हातारा युलोहियो, सगळ्यांचा नोंग म्हणजे थोरला दादा, मानाच्या खुर्चीत बसला. चाळीस वर्षं गल्लीचं डुक्कर तोच भाजत आला होता, त्यामुळे मानेवरच्या कुरकुरीत कातड्याचा पहिला तुकडा त्याचा. मागच्या वर्षीच्या तिघांतला पहिला नंबरही त्याचाच. क्रिसांतानं दंडाला पट्टा बांधला. एकशे नव्वद.

"नोंग, ते कातडं राहू द्या हो," ती म्हणाली.

"इंदाय," धाकट्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला, "तू नको म्हणतेस की आग्रह करतेस तेच कळत नाही. तुझं ऐकून भूक वाढते बघ माझी. आधी स्वतःचं मोज पाहू."

सगळ्यांनी धोशाच लावला, तेव्हा तिनं मोजलं. एकशे पंच्याहत्तर. गल्ली खिदळली. युलोहियोनं कातडं उचलून ओठांशी नेलं.

क्रिसांताला पिशवी गेलेली दिसली, आणि त्यामागून म्हातारा गेलेला दिसला. ती मूळची पलीकडच्या डोंगरातली. सतराव्या वर्षी इथं घरकामाला आली, तेव्हा मालकीण हसली होती, हिच्या तोंडात दगड भरलेत म्हणून. तेव्हापासून तिनं आपली बोली गिळली होती. ती आता शेवयांसकट वर आली.

"ठिव त्ये खाली, मुडद्या. तुझी तिरडी उचलाया माजं खांदं रिकामं हायत व्हय?"

भाजलेल्या डुकराच्या तोंडात खोचलेलं सफरचंद आपोआप खाली पडलं. तीन कुत्री आपापल्या घरी गेली. युलोहियोनं कातडं ताटात ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन तो शाळेतल्यासारखा ताठ बसला.

"ठिवलं की," तो पुटपुटला. "आणि थोडं रागाव गं. आई गेल्यापासून आसं कुनी बोललंच न्हाई."

साठ वर्षांत त्याच्या तोंडून ही बोली कुणी ऐकली नव्हती. तोही डोंगरातलाच निघाला, लबाड. त्या दिवशी दोघांनी मिळून उकडलेला भोपळा खाल्ला आणि डोंगरी बोलीत त्या भोपळ्याला शिव्या घातल्या.

गल्लीतलं कुणीही आडवं झालं नाही. कप्तान तेवढा झाला. तो शेजारच्या वस्तीत जेवला होता, तिचा आवाज पोचत नाही तिथं. क्रिसांता पिशवी घेऊन त्याला भेटायला गेली. खाटेशी उभी राहून तिनं नुसता घसा खाकरला. कप्तानानं उशीखाली हात घातला आणि कागदात गुंडाळलेलं कातडं निमूटपणे तिच्या पिशवीत टाकलं.