माझ्या पोटात दिसलेला लटारू

मी चांद्याच्या नईम मिस्त्रीनं घरी घडवलेला कॅमेरा बोलून राह्यलो. दुकानातला नाही बरं का. मी सागाचा.

माझा साग आलापल्लीच्या जंगलातला. तिथं लटारू लाकडं चिरायचा. माझ्या फळ्या त्यानंच चिरल्या.

“नईमभाऊ, कपाट बनवतं का गा?”

“नाई रे, फोटोची पेटी.”

“मंग माहाही फोटो काढजो,” म्हणाला नि पुन्हा करवत ओढू लागला.

इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. कोण्या साहेबानं टाकून दिलेल्या मोडक्या कॅमेऱ्याचं भिंग नईमनं माझ्या कपाळावर बसवलं. मागची काच नदीच्या बारीक वाळूनं घासून घासून धुरकट केली. तिच्यावरच चित्र उमटतं, पण उलटं. माझ्या पोटात माणूस डोकं खाली, पाय वर असा उभा राहतो.

मग भाता. लोहाराचा असतो तसा, पण काळ्या कापडाचा, घड्याघड्यांचा. नईमची बायको नूरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “घर में बीवी के वास्ते लुगडा नहीं, और लकडी के वास्ते झालर का झगा!” म्हणाली खरी, पण त्या घड्या चिकटवायला खळ तिनंच शिजवून दिली. सरसाचा वास तिला सोसत नव्हता, म्हणून तांदळाची, चांगली घट्ट.

लग्नं झाली, बारशी झाली, पाटलाचे, मास्तरांचे फोटो मी काढले. मग एका जेठात लाकडाच्या ट्रकवाल्यानं निरोप आणला. लटारू खोकताना रक्त टाकतो, पेटी घेऊन ये.

ट्रकनं आलापल्ली, तिथून बैलगाडी, मग नदीपलीकडं त्याचं गाव. खाटेवर लटारू म्हणजे नुसती हाडं. त्याची बायको भागीरथा पोटुशी होती.

“भाऊ, ह्यायचा काही भरोसा नाई. लेकराले बापाचं तोंड दाखवाले काही तं पाह्यजे नं.”

खाटेवरून लटारू म्हणाला, “आयकलं का गा नईमभाऊ? मी अजून जित्ता आहो, अन् हे माह्या मांगची तयारी करून राह्यली.”

“तुमी बोलू नका, खोकला येते.”

आता एवढ्या लांबून आलेल्या पेटीला खाली कशी ठेवायची? त्या घरात मानाची जागा एकच, बियाण्याच्या धानाची ढोली. भागीरथानं बांबूच्या त्या ढोलीवर धुतलेलं फडकं टाकलं नि मला वर बसवलं. नईमलाही बरं वाटलं. पण धान तिथं उंदीर. माझ्या घड्यांतला तांदूळ त्याला लगेच कळला. सकाळी बघतो तर भात्याच्या वरच्या अंगाला मुगाच्या दाण्याएवढं भोक. मी काय करणार? मला पाहता येतं, सांगता येत नाही.

त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. लटारूला अंगणात खाटेवर बसवलं, मला समोर माझ्या तिपाईवर. नईमनं काळ्या कापडात डोकं घालून नीट पाहिलं, पण त्या मंद उजेडात ते भोक त्याला दिसलं नाही. मग जिच्यावर फोटो धरला जातो ती मसाल्याची काचपट्टी त्यानं घातली. ती एकच होती, दुसरी गाडीच्या हिसक्यानं फुटली होती. “हलू नको आता,” म्हणाला नि भिंगाचं टोपण काढलं.

तेवढ्यात ऊन पडलं.

“पाहा नं भाऊ, कसं ऊन पडलं!” भागीरथा हरखली.

ते ऊन वरच्या भोकातून माझ्या पोटात शिरलं नि सरळ खाली पडलं. माझ्या पोटात माणूस उलटा, म्हणून खाली लटारूचं तोंड होतं. मी घड्या आवळायचा जीव तोडून प्रयत्न केला. कापड कुठं आपलं आपण हलतं?

चांद्याला येऊन नईमनं फोटो कागदावर उतरवला. धोतर आलं, गुडघ्यावरचे हात आले, खाटेची दोरी न् दोरी आली. मानेच्या वर पांढरा फटफटीत डाग. त्यानं त्याच दिवशी नवी काचपट्टी भरली. पण पाऊस लागला, नदी भरली, रस्ता गेला. रस्ता सुटल्यावर पोचलो, तर लटारू नव्हता. भागीरथाच्या मांडीवर मुलगी होती, सोमारी.

आज भागीरथा सोमारीला घेऊन चांद्याला आली. पोरगी आता पटपट बोलते.

“भाऊ, कागदावर नाई आले तं याच्या पोटात राह्यले असन. यानं तं त्यायले पाह्यलं होतं नं. काढून दे नं,” भागीरथा म्हणाली.

“बाई, आत काई नाई वं. रिकामी पेटी आहे.” नईमनं माझी मागची काच काढून दाखवली.

सोमारीनं माझ्यात डोकं घातलं.

“आई, अंधार आहे,” म्हणाली, नि डोकं बाहेर काढलं.

रिकामा नाही हो मी. मी पाहिलं आहे त्याला. उजवी भुवई मधेच तुटलेली. कानाच्या पाळीवर तीळ. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. नईमनं हलू नको म्हटलं, तेव्हा तो भिंगाकडं बघतच नव्हता. भागीरथाच्या पोटाकडं बघून हसत होता.

आताच गेल्या दोघी. मला पाय तीन, एकही चालत नाही. तुम्हाला माझं ऐकू येतं ना? मग धावा, कोणीतरी धावा. आलापल्लीचा ट्रक अजून सुटला नसेल. त्या पोरीला सांगा, तुझा बाप तुझ्याकडं बघून हसत होता.